चंद्रकळेतला फोटो

बदलापुरातल्या त्या नारळाची गोष्ट खरी आहे. कुंदाताई फणसेंनी एका चतुर्थीला गणपतीला नारळ वाहिला, तो शेंडीखाली बॉलपेनने बारीकशी फुली मारून. दुसऱ्या दिवशी भाजीच्या निमित्ताने त्या देवळावरून गेल्या, बाहेरच्या गाडीवरचे नारळ उलटेपालटे करून पाहिले आणि फुलीवाला नेमका शोधून गाडीवाल्याच्या नाकासमोर धरला. गाडीवाला ओशाळला. कुंदाताईंनी तो नारळ पैसे देऊन पुन्हा घेतला, घरी नेला, त्याच्या वड्या केल्या आणि सगळ्या बिल्डिंगला वाटल्या. वड्यांबरोबर गोष्टही वाटली.

तेव्हापासून आपला संशय कधी खोटा ठरत नाही, हे त्यांच्या डोक्यात जे बसलं ते बसलं. तशा त्या आधीपासूनच गिरणीत दळण टाकून कधी घरी जात नसत. आपलाच गहू पडतोय ना, आधी कुणाची ज्वारी तर नव्हती, हे बघत पदराने पीठ झटकत तिथेच उभ्या राहायच्या. दूधवाला त्यांच्या मजल्यावर चढताना गप्प व्हायचा. कुणी फसवलं म्हणून बाई अशी झाली म्हणावं, तर तसंही नाही. नवरा देवमाणूस होता, अंबरनाथच्या एका कारखान्यात सुपरवायझर. तो दाराला कडी न घालता झोपायचा आणि या उठून दोनदा कडी बघायच्या. मुलगा पुष्कर कॉलेजात असताना नवरा अचानक गेला. कुंदाताई रडल्या, सावरल्या आणि लगेच हलव्याच्या दागिन्यांना लागल्या, कारण हातात तेवढी एकच कला होती.

कला मात्र अस्सल. डिसेंबरची थंडी पडली की गॅलरीत शेगडी, शेगडीवर परात, परातीत साबुदाणा, आणि त्यावर चमच्याने थेंबथेंब पाक. तापल्या परातीत बोटं फिरवत राहायची. घाई केली की दाणे एकमेकांना चिकटतात, आच वाढली की पिवळे पडतात. धीर धरला तर दाण्याला काटा फुटतो, पांढराशुभ्र. असा टपोरा काटा कल्याणपासून कर्जतपर्यंत दुसऱ्या कुणाला येत नाही, असं त्या स्वतःच सांगायच्या. मग त्या हलव्याचे हार, तन्मणी, बाजूबंद, नथ, कंबरपट्टा. नव्या सुनेच्या पहिल्या संक्रांतीला बाईचा सेट, बाळाच्या बोरन्हाणाला मुकुट, बासरी आणि कडी. पुढे पुढे प्रत्येक डब्यात काय कुठे घालायचं ते बाण काढून दाखवणारा एक कागद असायचा. तो त्यांना घालावाच लागला, कारण पालेगावची एक सासू बाजूबंद सुनेच्या गळ्यात बांधायला गेली आणि माप चुकलं म्हणून डबा परत घेऊन आली.

माल जायचा घरातूनच. फक्त उल्हासनगर कॅम्प एकमधला भगवान, लग्नामुंजीच्या सामानाचा सिंधी दुकानदार, हंगामात स्कूटरवर येऊन घाऊक भावात डबेच्या डबे घेऊन जायचा. कुंदाताई त्याला चहा देत, पण दार अर्धंच उघडून.

पुष्करचं लग्न झालं आणि राजसी घरात आली. अंबरनाथची मुलगी, बाप मोठ्या कारखान्यात ऑफिसर, स्वतः ठाण्याला विम्याच्या ऑफिसात. शांत, पण कुणापुढे मान खाली घालणारी नव्हे. तिच्या पहिल्या संक्रांतीला कुंदाताईंनी जीव ओतला. काळी चंद्रकळा, तिच्यावर पांढरे दागिने, आणि मागे हॉलमधला पोपटांचा पडदा. पुष्करने नव्या डिजिटल कॅमेऱ्यावर फोटो काढले. त्यात एक असा आला की सासूच्याच डोळ्यांत पाणी आलं. राजसी मान जराशी वळवून हसतेय, आणि तन्मणीच्या वर गळ्यावरचा तीळ दिसतोय.

त्याच वर्षी राजसीने सहज सुचवलं होतं, आई, हे आपण इंटरनेटवर टाकूया का, लोक आता घरबसल्या ऑर्डर देतात. कुंदाताईंनी हातच झटकला. तिथे टाकलं की आपली डिझाइनं गेलीच म्हणून समजायचं, म्हणाल्या. विषय तिथेच संपला. निदान राजसीपुरता तरी संपला.

पुढे वर्षा-दीड वर्षात चिमी झाली. आता तिचं पहिलं बोरन्हाण. साऱ्या गावातल्या पोरांना मुकुट करून दिले, आता आपल्या नातीचा. कुंदाताईंनी दिवाळीपासूनच तो मनात घोळवायला घेतला होता. मुकुटाला मोर काढायचा, मोराच्या डोळ्याला लवंग. चिमीची कुंची शिवून उरलेला पिवळा रेशमी दोराही त्यांनी त्यासाठी जपून ठेवला होता. त्या हंगामात त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

आणि अशात अंबरनाथहून एक बाई आली. पर्समधून घडी केलेला कागद काढून म्हणाली, मला हाच सेट हवाय, पण तुम्ही कॉम्प्युटरवाल्यापेक्षा महाग का लावता? कुंदाताईंनी कागद हातात घेतला. ऑनलाइन विक्रीच्या कुठल्याशा साइटवरून छापून आणलेलं पान होतं ते. मथळा 'संक्रांत स्पेशल हलवा ज्वेलरी', खाली एक मोबाइल नंबर आणि मधोमध फोटो. काळी चंद्रकळा, पोपटांचा पडदा, गळ्यावरचा तीळ. ओठांच्या वरचा चेहरा मात्र कापलेला.

त्यांनी त्या बाईला कसंबसं वाटेला लावलं आणि कागद स्वतःकडे ठेवून घेतला.

मग सुरू झालं. फोटो घरातला, कॅमेरा घरातला, कॉम्प्युटरही घरातलाच. पुष्करला तर दागिन्यांतली बासरी आणि बाजूबंद वेगळे ओळखता येत नाहीत. राहिलं कोण? नेटवर टाकूया असं तोंडाने म्हणणारी कोण? आणि चेहरा का कापला? ओळख पटू नये म्हणून. परक्याला कशाला हवी ही काळजी? ज्याला ओळखलं जायची भीती, तोच चेहरा कापणार. कुंदाताईंना हे इतकं लख्ख दिसलं की त्यांना पुन्हा एकदा तो फुलीवाला नारळ हातात आल्यासारखं वाटलं.

एकदा नजर बदलली की साधं माणूसही कारस्थानी दिसायला लागतं. राजसीचा फोन वाजला की ती गॅलरीत जाते. का जाते? आत रेंज येत नाही म्हणून जाते, हे कुंदाताईंनाही ठाऊक होतं, कारण त्या स्वतःही गॅलरीतच जात. पण आता त्या पडद्याआड उभ्या राहून ऐकायला लागल्या. ऐकू काय आलं, तर चिमीचं डायपर आणि ऑफिसातल्या कुणाची बदली. तरी समाधान नाही. सून आंघोळीला गेली की तिची पर्स उघडून बघ, कॉम्प्युटर गरम लागतो का ते हात लावून बघ. नव्या डिझाइनच्या कागदांवर त्यांनी वर्तमानपत्र झाकून ठेवायला सुरुवात केली. राजसीने एकदा मदत म्हणून हार ओवायला घेतला, तर तो हातातून काढून घेतला. सुनेच्या कपाळाला आठी पडली, पण ती बोलली नाही. न बोलणंही मग पुराव्यातच जमा झालं.

शेवटी एके दिवशी जेवताना ते बाहेर पडलं. कुंदाताईंनी तो कागद आमटीच्या वाटीशेजारी ठेवला आणि घरातला फोटो बाजारात जातो तो आपल्या पायांनी जात नाही, घरातलंच कुणीतरी नेतं, असं म्हणाल्या. पुष्करने कागद बघितला, बायकोकडे बघितलं. राजसीने आधी फोटोकडे आणि मग सासूकडे कितीतरी वेळ पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य होतं, पण ते फोटोचं नव्हतं. कुंदाताईंनी ते तेव्हा पाहिलं आणि अर्थ मात्र भलताच लावला.

"माझ्या घरात राहून माझाच धंदा पळवायचा असेल तर सरळ सांग," त्या म्हणाल्या. "लपूनछपून कशाला?"

राजसीने हात धुतला. दुसऱ्या दिवशी सकाळी चिमीला घेऊन ती अंबरनाथला माहेरी गेली. जाताना चार दिवसांसाठी जाते म्हणाली, पण चिमीची कुंची आणि पाळण्यावरचं चिमणाळंही घेऊन गेली. चार दिवसांसाठी चिमणाळं कोण नेतं? कुंदाताईंना सगळं कळलं आणि तरी त्या दारातून हलल्या नाहीत.

पुष्करने आईशी भांडण केलं नाही. तो एवढंच म्हणाला की बोरन्हाण आता तिकडेच होईल असं तिच्या बाबांचं म्हणणं आहे, आणि तुझ्याकडे पुरावा तरी काय आहे? बोरन्हाण तिकडे? नातीच्या डोक्यावर दुसऱ्या कुणाचा मुकुट? पण माघार घ्यायची म्हणजे संशय खोटा म्हणायचं, आणि ते तर त्यांच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. पुरावा हवाय ना, म्हणाल्या, आणते.

त्यांनी सापळा लावला. पीसीओवर जाऊन कागदावरचा नंबर फिरवला. पालेगावच्या नव्या बिल्डिंगीत त्यांची मावसबहीण वृंदा राहायची, तिचं नाव आणि तिचाच पत्ता दिला. आवाज काढला तोही वृंदासारखा, जरा नाकातला. पलीकडून कुणी तरुण पोरगा हिंदीत बोलत होता. हां मॅडम, हँडमेड है, घर की लेडीज बनाती है, एकदम प्युअर. घर की लेडीज! कुंदाताईंचा तिळपापड झाला. कोण घरची बाई ते आता कळेलच, असं मनात म्हणत त्यांनी फोटोतलाच सेट सांगितला.

त्याच संध्याकाळी भगवानचा फोन आला. भाभीजी, बायकांचा एक फुल सेट पाहिजे, अर्जंट. कुंदाताई वैतागल्या, पण नेहमीचं गिऱ्हाईक. ओवायला बसल्या तर पांढरा दोरा संपलेला. दुकान बंद, भगवान सकाळी हजर होणार. मुकुटासाठी ठेवलेल्या पिवळ्या रेशमाकडे त्यांनी बघितलं. मुकुट आता कुणाला घालायचा होता? त्यांनी तोच दोरा घेतला आणि तन्मणीच्या तिन्ही सरांना मागच्या बाजूने पिवळ्या गाठी मारल्या. गाठी मारताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हलव्यावर पडू नये म्हणून त्या मान वळवत होत्या.

वृंदाने पार्सल आल्याचा निरोप दिला तेव्हा कुंदाताई रिक्षाने पालेगावला पोचल्या. वृंदाला म्हणाल्या, तू साक्षीदार, समोर बस. कात्रीने दोरी कापली, झाकण काढलं. काटा टपोरा, पांढराशुभ्र. इतका चांगला काटा बघून त्यांना क्षणभर भीतीच वाटली, की इतकं शिकली कधी ही पोरगी? मग त्यांनी तन्मणी उचलून उलटा केला.

मागे पिवळ्या रेशमाच्या गाठी होत्या.

वृंदा काय झालं, काय झालं विचारत राहिली. कुंदाताई तन्मणी हातात धरून बसून होत्या. आपलंच सामान आपल्याकडे परत आलं होतं, नारळासारखं. पण या वेळी नाकासमोर धरायला दुसरं कुणीच नव्हतं. हा सेट फक्त एका माणसाने नेला होता.

पालेगावहून त्या तशाच कॅम्प एकला गेल्या. भगवानच्या दुकानात पाय ठेवला आणि काही विचारायची गरजच उरली नाही. काउंटरमागच्या भिंतीवर झुलेलाल आणि लक्ष्मीच्या तसबिरींच्या मधोमध, काचेखाली, राजसी हसत होती. अख्खी, चेहऱ्यासकट. ती प्रत कुंदाताईंनीच भगवानला दिली होती, गेल्या हंगामात, दुकानात लावा म्हणून. आणि डब्यात बाण काढलेला जो कागद जायचा, तो तरी काय होता? याच फोटोची झेरॉक्स. राजसीच्या गळ्याला बाण, तन्मणी. राजसीच्या कमरेला बाण, कंबरपट्टा. हंगामभर, प्रत्येक डब्यात. आता तुम्ही म्हणाल, एवढी चौकस बाई आणि हे आठवलं नाही? नाही आठवलं. तो फोटो आहे असं त्यांनी कधी धरलंच नव्हतं. सून घरची, फोटो घरचा, झेरॉक्स आपल्या पैशाची, त्यात फोटो कसला, तो तर डब्यातला कागद.

भगवान हात जोडून उभा राहिला. त्यात लपवण्यासारखं त्याला काही वाटतच नव्हतं. भाच्याने कॉम्प्युटरवर टाकलं, माल तुमचाच जातो, तुमचीच विक्री वाढली, असं तो आनंदाने सांगत होता.

"आणि चेहरा?" कुंदाताईंनी विचारलं. "तो का कापला?"

"वो मैंने कटवाया, भाभीजी," भगवान म्हणाला. "दुकान में चार लोग देखते हैं, ठीक है. वहाँ तो सारी दुनिया देखेगी. आपके घर की बहू है ना."

मला विचारायचं तरी, हे शब्द कुंदाताईंच्या जिभेवर आले होते. भिंतीवरच्या राजसीकडे नजर गेली आणि ते तिथेच अडकले. परक्या दुकानदाराला जे सुचलं ते आपल्याला सुचलं नाही, या विचाराने त्यांना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी फोटो उतरवून मागितला. भगवानने खळखळ न करता दिला, भाच्याला फोन करून साइटवरचाही काढायला सांगितला, आणि चहा मागवला. तो त्यांनी घेतला नाही.

अंबरनाथला दार राजसीच्या वडिलांनी, हेमचंद्रांनी उघडलं. या म्हणाले, पाणी विचारलं, आणि वर्तमानपत्र घेऊन आतल्या खोलीत निघून गेले. माणूस सभ्य खरा, पण तो सभ्यपणाच अंगाला टोचला. राजसी चिमीला मांडीवर घेऊन पेज भरवत होती. कुंदाताईंनी काचेतला फोटो टीपॉयवर ठेवला, त्याच्याशेजारी पार्सल ठेवलं, आणि जे झालं ते पहिल्यापासून सांगितलं. पीसीओवर काढलेला नाकातला आवाजसुद्धा वगळला नाही. फोटो बाहेर नेला तो मीच, असं म्हणाल्या. त्यांच्या तोंडून अशी कबुली कुणी ऐकली नव्हती.

राजसीने चिमीचं तोंड पुसलं. गेल्या वर्षी तिच्या ऑफिसातल्या एका मुलीने बहिणीसाठी डबा घेतला होता, ती सांगायला लागली. जेवणाच्या सुट्टीत तो टेबलावर उघडला. आतला कागद हातोहात फिरला. साहेबांनीसुद्धा बघितला. सगळे हसले, कुणीतरी तिच्या गळ्याकडे बोट करून तन्मणी म्हणालं, पुढे महिनाभर तिला तन्मणी म्हणूनच हाक मारत होते.

"मीही हसले," ती म्हणाली. "घरी येऊन काही बोलले नाही. म्हटलं, आईंनी केलंय, त्यांचं पोट आहे त्यावर. त्या दिवशी तो कागद तुम्ही माझ्यासमोर ठेवलात तेव्हा मला वाटलं, आता तरी आईंना आठवेल."

"अगं, मग बोलायचंस ना मला!"

"तुम्ही विचारलं कुठे, आई? फोटो डब्यात घालतानाही नाही, आणि त्या दिवशी जेवतानाही नाही."

कुंदाताई ढसाढसा रडल्या. राजसीने त्यांची समजूत घातली नाही, गप्पही केलं नाही. बऱ्याच वेळाने चिमीला त्यांच्या मांडीवर दिलं. म्हणाली, बोरन्हाण बदलापूरलाच करू, रथसप्तमीच्या आत, मुकुटही तुमच्याच हातचा. फोटो काढायचे का, कुंदाताईंनी विचारलं. फोटो नको. एकही नको.

कुंदाताईंनी मान डोलावली.

मुकुट झाला. मोर झाला, मोराला लवंगेचा डोळा झाला, आणि पार्सलातल्या तन्मणीच्या गाठी सोडवून तेच पिवळं रेशीम मुकुटाला लागलं. बिल्डिंगमधली सगळी पोरं जमली. काळ्या झबल्यातली चिमी पाटावर बसली, डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे पडायला लागले तशी आधी दचकली, मग खदखदून हसली, आणि मोराचा शेपटा तोडून तिने तोंडात घातला. पुष्करचा हात सवयीने कपाटातल्या कॅमेऱ्याकडे गेला होता. कुंदाताईंनी कपाटाला कुलूप लावून किल्ली राजसीच्या हातात दिली होती. त्या टक लावून नातीकडे बघत राहिल्या. सगळं आत्ताच बघून घ्यायचं होतं. दुसऱ्या दिवशी मुकुटाला मुंग्या लागल्या.

पुढच्या हंगामापासून डब्यात वेगळा कागद जायला लागला. कुंदाताईंनी स्वतः पेन्सिलने बाई काढली आणि तिला बाण काढले. नाक जमलं नाही, त्यामुळे नथ हवेत लटकते. लोक हसतात. त्यांच्या कपाटात गिऱ्हाइकांनी कौतुकाने आणून दिलेल्या फोटोंचा आल्बम होता, तोही त्यांनी घरोघरी फोन करून, विचारून, पुन्हा लावला. काहींनी हो म्हटलं, काहींनी परत मागितले. गिरणीत मात्र त्या अजूनही दळण होईपर्यंत उभ्या राहतात.

परवा एक नवी आजी नातवासाठी मुकुट सांगायला आली होती. आल्बम चाळून झाल्यावर तिने विचारलं, सगळ्या गावची बाळं आहेत यात, तुमची नात कुठेय? तिच्या बोरन्हाणाचा फोटो नाही का काढला?

"विचारलं होतं," कुंदाताई म्हणाल्या. "तिची आई नको म्हणाली."